बहीतली खालची शाई

आमच्या पिपरटोल्यात टेंभऱ्यांची सत्तावीस घरं. त्यांतल्या कुठल्याही घरी लग्नाची बोलणी सुरू झाली की पहिली चक्कर बिसनलालकडे व्हायची, पत्रिका-बित्रिका नंतर. बिसनलाल ज्योतिषी नाही की पुढारी नाही. आमगावपासून सात किलोमीटरवरच्या या गावात त्याची अडीच एकर धानाची शेती आहे, दोन म्हशी आहेत. पण त्याच्याकडे भाटाची बही होती.

ही बही काय चीज आहे ते सांगतो. टेंभरे जातीनं पोवार. मी गावचाच शाळामास्तर, पण पोवार नाही, त्यामुळे मलाही ते समजून घ्यावं लागलं होतं. पोवारांचे पूर्वज माळव्यातून इकडे आले. 'आमची छत्तीस कुळं', असं ते सांगतात, आणि आडनाव हेच कूळ. टेंभरे, कटरे, पटले, बोपचे, रहांगडाले. एका कुळातली पोरं-पोरी म्हणजे भाऊबहीण, त्यांचं आपसात लग्न होत नाही. कोण कुणाचा, कुठून आला, कुणाची मुलगी कुठे दिली, हे सगळं भाट लिहून ठेवत. दर पाच-सात वर्षांनी भाट गावात उतरायचा, अंगणात बसून एकेका घराची वंशावळ मोठ्यानं वाचायचा, नवी नावं चढवायचा आणि धोतर-धान घेऊन पुढच्या गावी जायचा. आमच्याकडे येणारा शेवटचा भाट निपुत्रिक होता. मी तेव्हा चौथीत होतो. त्यानं आपली बही बिसनलालच्या वडिलांच्या हातात दिली आणि म्हणाला, "आता माह्यानं होत नाही. तुमीच सांभाळा." तो पुन्हा दिसला नाही.

वडिलांच्या मागे ती बिसनलालकडे आली. दहावीपर्यंत शिकलेला, अक्षर ओळखणारा तोच. कुणी विचारायला आलं की तो हातपाय धुवायचा, लाल कापड सोडायचा आणि बोट न टेकवता ओळ वाचत जायचा. एखादं जुनं अक्षरवळण अडलं तर मला हाक मारायचा, "चैतराम गुरुजी, जरा या ना जी!" मग विचार करून सांगायचा, "जमते" किंवा "नाही जमत, आजीकडून गुंता हाये." तीस वर्षांत त्यानं दोन सोयरिकी परत फिरवल्या. दोन्ही वेळा घरात रडारड झाली, पण त्याचा शब्द कुणी मोडला नाही.

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात त्याच्या छपरावरची कवेलू, म्हणजे कौलं, सरकली आणि बहीची लाकडी पेटी तीन दिवस गळतीखाली राहिली. लक्षात आलं तेव्हा बरीच पानं एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा व्हायला आला होता. त्याची बायको रामकली ती चुलीजवळ वाळवायला निघाली, तर यानं तिच्या हातातून ओढून घेतली. उन्हात ठेवावी की सावलीत, उघडावी की मिटून ठेवावी, काहीच समजेना. दोन दिवस तो ती मांडीवर घेऊन पडवीत बसून होता.

वाट काढली ती त्याच्या मुलीनं. रिंकी गोंदियाला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, फुलचूरला खोली घेऊन राहते. तिच्या कॉलेजात जुन्या पोथ्या-कागदपत्रं तपासायचं शिबिर होतं, नागपूरच्या एका प्रयोगशाळेतली माणसं येणार होती. तिनं फोनवर सांगितलं, "बाबूजी, काही करू नका. तशीच घेऊन या."

मी आणि बिसनलाल गोंदियाला गेलो. हर्षा नावाची पस्तिशीतली बाई होती, हातात पांढरे मोजे, कपाळावर चढवलेलं भिंग. तिनं बही पाहिली, वास घेतला, बांबूच्या पातळ पट्टीनं एक कोपरा अलगद उचलून पाहिला आणि म्हणाली, "काका, वाळवली नाहीत हे फार चांगलं केलंत. वाळली असती तर वीट झाली असती. माझ्याकडे चार महिने द्याल का? पानं ओलसर हवेत ठेवून एकेक सोडवावी लागतील. फाटलेल्या जागी गव्हाच्या खळीनं तलम कागद लावू."

"चार महिने?" बिसनलाल म्हणाला. "आन मधात कोनाचं लगन निघालं तं?"

हर्षाला ते कळलं नाही. मी समजावून सांगितलं. ती हसली नाही, हे बिसनलालला आवडलं असावं. त्यानं बही दिली. परत येताना मात्र त्याच्या मांडीवर नुसतं लाल कापड होतं आणि तो त्याची घडी घालत होता, उलगडत होता.

जानेवारीत हर्षाचा फोन आला. पानं सुटली होती, पण एकदा येऊन जा म्हणाली. बिसनलालला वाटलं काहीतरी फाटलं. मला सोबत घेतलं. नागपूरची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या होत्या, थंड, पडदे ओढलेल्या. बहीची पानं पांढऱ्या कागदांच्या मध्ये निजवलेली होती. एवढी स्वच्छ त्यानं ती कधी पाहिली नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एक गोष्ट दाखवायची होती," हर्षा म्हणाली. "पहिल्या पानांपैकी एक सोडवताना एका जागी कागद पातळ लागला. कुणीतरी चाकूनं खरवडल्यासारखा. म्हणून आम्ही त्याचा वेगळा फोटो काढला."

तिनं संगणकाच्या पडद्यावर पान आणलं. ते पान आम्हाला दोघांनाही पाठ होतं. संवत अठराशे ब्याण्णव, हिरामन, कूळ टेंभरे, वस्ती मौजा पिपरटोला. आमच्या गावात आलेला पहिला टेंभरे. सत्तावीसच्या सत्तावीस घरं त्याचीच.

"हे आपल्या डोळ्यांना दिसतं तसं. आता हे पाहा. हा अवरक्त प्रकाश. डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. काजळाची शाई यात काळीच राहते. पण हिराकस घालून केलेली लोखंडाची शाई यात पुसट होते, कधी कधी साफ नाहीशी होते."

तिनं एक कळ दाबली. हिरामन तसाच राहिला, संवत तसंच राहिलं. 'टेंभरे'मधले 'टेंभ' विरघळल्यासारखे गेले, आणि त्यांच्या जागी मागून तुटक, खरवडलेल्या रेघा वर आल्या. क. मग ट. शेवटचा 'रे' होता तिथेच होता. त्याच्यावर दुसरी शाई चढलीच नव्हती. बदलणाऱ्याला तो बदलायची गरज पडली नव्हती.

"कटरे," मी वाचलं. वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण हे मोठ्यानं म्हणायला नको होतं. रामकली माहेरची कटरे होती.

"हे कोनत्या दुसऱ्या पानाचं हाये का?" बिसनलालनं विचारलं.

"नाही काका, तेच पान."

"पुन्हा करा बरं."

तिनं पुन्हा केलं. टेंभरे, कटरे. टेंभरे, कटरे. त्यानं पाच-सहा वेळा करायला लावलं. दरवेळी तो पडद्याच्या जवळ जायचा, जणू ती दोन अक्षरं या खेपेला दुसरीच निघतील. मग बाहेर जाऊन पाणी पिऊन आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "मॅडम, मंग आमी कटरे हाव का?"

"ते मला नाही सांगता येणार. कुठली शाई आधीची आणि कुठली नंतरची, एवढंच सांगता येतं."

"आधीचं खरं असते का नंतरचं?"

हर्षा म्हणाली, "कुठलंही असू शकतं, काका."

"असं कसं असन जी? तुमाले बही दुरुस्त कराले देली होती मी."

फोटोची एक प्रत तिनं पाकिटात घालून दिली.

गाडीत तो खिडकीशी बसला. तुमसर आलं. मग म्हणाला, "गुरुजी, शाळेत पोरगा एक उत्तर खोडून दुसरं लिवत असन, तं तुमी कोनतं धरत होते?"

"नंतरचं."

"मंग झालं. नंतरचं धराचं." त्याचा चेहरा जरा सैल झाला. तिरोडा गेल्यावर तो पुन्हा माझ्याकडे वळला. "पन पोरगा बाजूवाल्याचं पाहून खोडत असन तं?"

मी खिशात तिकिटं शोधू लागलो.

घरी रामकली सुपात तांदूळ पाखडत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, अगदी काजळाच्या शाईपासून. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"मंग मी आता तुमची बहीन झाली का जी?"

आणि ती हसत सुटली. पदर तोंडात कोंबून हसली, डोळे पुसून हसली. बिसनलाल हसला नाही. ते पाहून तिचंही हसू थांबलं. "चाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "आता कोन वापस नेते मले?"

त्यानंतरचे पंधरा दिवस त्या घरात काय चाललं ते मला रामकलीनंच नंतर सांगितलं. तो तिच्याशी नीट बोलेना. जेवायला बसला की पाट भिंतीकडे सरकवायचा. मीठ हवं असलं तर मागायचा नाही, अळणी खायचा. तिला कशी हाक मारावी हेच त्याला सुचेना. इतकी वर्षं 'रिंकीची माय' म्हणत आलेला माणूस, आता नुसता खाकरायचा. एक दिवस तिनं ताट त्याच्यासमोर आपटलं. "कायले तोंड लपवून राहिले? मी का तुमच्या बहीतून निघून आली? माह्या बापानं वाजतगाजत देली मले!" तो म्हणाला, "तुह्यावर राग नाही. मले समजूनच नाही राहिलं." एवढं खरं बोलल्यावर ती काय बोलणार?

फेब्रुवारीत खेमराज टेंभरे त्याच्याकडे आला. ऐंशीचा, सत्तावीस घरांतला सगळ्यांत वडील माणूस. त्याचा नातू ओमेश्वर आमगावला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला देवरीकडची मुलगी पसंत पडली होती. मुलीचं आडनाव कटरे.

"बही पाहून सांग," खेमराज पडवीत बसत म्हणाला.

"काका, बही नागपूरले हाये."

"मंग तोंडी सांग. टेंभरे-कटरे जमते, त्याच्यात पाहाचं काय? तूच घरी कटऱ्याची आनली."

बिसनलाल पडवीतली चटई सरळ करू लागला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"बोल ना बे!"

"मले नाही सांगता येत, काका."

खेमराजला वाटलं, याला मुलीच्या घरचं काही वाईट कळलंय. त्यानं खोदून खोदून विचारलं, तेव्हा बिसनलालनं पाकीट आणून फोटो दाखवला. खेमराजनं चष्मा लावला, काढला, फोटो दूर धरला. समजायला त्याला वेळ लागला आणि समजल्यावर त्याचे कान लाल झाले.

"यंत्राले काय समजते? त्याले कूळ हाये का? आमचे बाबूजी टेंभरे, त्यायचे बाबूजी टेंभरे. सातबाऱ्यावर टेंभरे. मी मरन तं टेंभरे मरन. हे जाळून टाक."

"फोटो जाळला तं जाळला. बहीत तं आहेच ना."

"मंग बही जाळ!"

म्हातारा काठी टेकत निघून गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की बिसनलालनं नागपूरला जाऊन सगळ्या टेंभऱ्यांना कटरे करून आणलं.

बिसनलालला आता एकच आशा होती. त्यानं हर्षाला फोन लावला, "तुमच्याकडे आनखी यंत्र असन ना? मले 'हो' नाही तं 'नाही', एवढं सांगा." ती म्हणाली, एक तपासणी करता येईल, पण त्यातून हो-नाही मिळेलच असं नाही. त्यानं शेवटचं वाक्य ऐकलंच नसावं. आम्ही पुन्हा गेलो.

या वेळचं यंत्र पिस्तुलासारखं होतं. त्याच्या तोंडातून क्ष-किरण निघतात आणि समोरच्या वस्तूत कुठला धातू किती आहे ते कळतं, असं तिनं सांगितलं. कागदाला हातसुद्धा लागत नाही. प्रत्येक हिराकशीत लोखंडाबरोबर थोडं तांबं, थोडं जस्त असतं, आणि त्याचं प्रमाण दरवेळी वेगळं. त्यावरून दोन ठिकाणची शाई सारखी आहे की नाही ते ओळखता येतं. तिनं आदल्या आठवड्यात बहीतली लोखंडाच्या शाईची सगळी पानं तपासून ठेवली होती. आमच्यासमोर शेवटचं एक तपासलं. पडद्यावर टेकड्यांसारखी रेघ उमटली. तिनं ती आधीच्या एका रेघेवर ठेवली. दोन्ही एकमेकींवर बसल्या.

"'टेंभ' ज्या शाईनं लिहिलंय, तशी शाई अख्ख्या बहीत आणखी फक्त एका ठिकाणी आहे," ती म्हणाली. "बाकी सगळ्या शाया वेगळ्या आहेत. ही जवळजवळ नक्की एकाच वेळची, एकाच दौतीतली."

"कोनत्या ठिकानी?"

तिनं पान दाखवलं. संवत एकोणीसशे एक्कावन्न. मन्साराम टेंभरे यांचा विवाह, कटरे यांची कन्या गोमती हिजशी.

मन्साराम हा हिरामनचा एकुलता एक नातू, बिसनलालचा खापरपणजोबा.

बिसनलाल खुर्चीवर बसला. मी मनात जुळवत होतो, तेच तोही जुळवत असणार. हिरामनची नोंद झाल्यावर एकोणसाठ वर्षांनी मन्सारामचं लग्न एका कटऱ्याच्या मुलीशी ठरलं. त्याच वेळी कुणीतरी बही उघडली, हिरामनचं कूळ खरवडलं, 'टेंभरे' लिहिलं, आणि त्याच दौतीत टाक बुडवून लग्नाची नोंद केली.

"म्हंजे लगन व्हावं म्हनून बदललं," तो हळू म्हणाला.

"असेल," हर्षा म्हणाली. "किंवा लग्न ठरलं म्हणून बही नीट तपासली, चूक सापडली, ती सुधारली. तुम्हीच म्हणालात ना, लग्न असलं की तपासतात. आमच्या मोजणीत दोन्ही सारखंच दिसेल."

बिसनलालनं तिच्याकडे, मग यंत्राकडे पाहिलं. "एवढं मोठं यंत्र हाये," तो म्हणाला, तक्रारीनं नाही, खरोखर नवल वाटून. "एकशे तीस वर्षांची दौत ओळखते. आन लिवणाऱ्याच्या मनातलं नाही ओळखत?"

"नाही ओळखत, काका."

तिला वाईट वाटत होतं. निघताना तिनं विचारलं, की हे आमच्या अहवालात लिहू की नको, तुमची इच्छा असेल तसं करू. त्यानं तेही ठरवता येत नाही असं सांगितलं.

पुढच्या रविवारी सकाळी खेमराजच्या अंगणात सगळे टेंभरे जमले. मला साक्षीला बोलावलं होतं. बिसनलालनं जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं, दोन्ही बाजूंनी. त्यामुळे झालं असं, की पहिली बाजू ऐकून निम्मे लोक उठले आणि दुसरी ऐकून पुन्हा बसले.

"ते सारं ठीक," एक जण म्हणाला. "तुह्यं म्हननं काय हाये?"

"माह्यं?" बिसनलालनं टोपी काढून डोकं खाजवलं. "सकाळी उठतो तं वाटते, चूक होती, सुधारली. शेतावर जाऊन येतो तं वाटते, मन्सारामले तेच पोरगी पाहिजे होती, म्हनून भाटाले राजी केलं. मी काय करू? मले नाही माहीत."

लोक हसले. खेमराज हसला नाही. "तीस वर्षं तू सांगत होता ना, हे जमते, हे नाही जमत? तवा कसं माहीत होतं?"

हे बिसनलालला लागलं. त्याचा चेहराच उतरला. त्यानं परत फिरवलेल्या दोन सोयरिकी त्याला आठवल्या असणार. त्यांतली एक मुलगी आमच्याच गावची होती, पुढे ती कुठे दिली, कशी राहिली, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

बायका ओसरीच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांतून रामकली पुढे आली. "गोमतीच्या पोटचे तुमी सारे," ती म्हणाली. "पाच पिढ्या झाल्या. कोनाले शेपूट फुटली का?"

"तू कटऱ्याची," खेमराज कडाडला. "टेंभऱ्याच्या बैठकीत तू काऊन बोलून राहिली?"

"कटऱ्याची म्हनूनच बोलून राहिली, मामाजी. बही म्हनते का मीच घरची हावो, तुमी पावणे."

अंगणात असा हशा पिकला की बैठक तिथेच मोडली. काही ठरलं नाही.

ठरलं ते चार दिवसांनी, आणि बैठकीत नाही. भर दुपारी खेमराज एकटाच बिसनलालकडे आला. मी तिथेच होतो. तो भांडायला आला असेल म्हणून आम्ही दोघंही उठलो, तर तो म्हणाला, "फोटो दाखव पुन्हा एक बार." तो बराच वेळ पाहत बसला. मग म्हणाला, "आमचे बाबूजी एक सांगत. मन्सारामची वरात मुलीच्या गावाबाहेर आमराईत चार दिवस थांबली होती. पाचव्या दिवशी आत घेतली. काऊन, ते त्यायलेही माहीत नव्हतं. वाट पाहत होते म्हने कोनाची तरी."

"भाटाची?" मी विचारलं.

"असन. पन भाट येऊन पाहून गेला का लिवून गेला, ते मी कसं सांगू?" त्यानं फोटो परत दिला. "बिसन, मी टेंभरेच हावो ना?"

ऐंशी वर्षांचा माणूस असं विचारतो म्हटल्यावर कुणीही 'हो' म्हणालं असतं. मी म्हणणारच होतो. बिसनलालनं त्याच्या शेजारी बसून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, मले वाटते हाव. पन वाटते."

खेमराज थोडा वेळ बसला, पाणी प्यायला. जाताना म्हणाला, लग्न करून टाकतो, पोराचं मन मोडत नाही. एवढंच, की मांडवात बहीचं नाव काढायचं नाही.

मे महिन्यात लग्न झालं. वरात देवरीकडे दोन बसमधून गेली. पाच घरं आली नाहीत. दोन घरं आली, पण जेवली नाहीत. बिसनलाल वराकडून गेला होता. रामकली मुलीच्या चुलत्याच्या ओळखीची निघाली, तर तिकडच्या बायकांनी तिला ओढून आपल्यात नेलं, आणि हळद लावताना तिला कुठल्या बाजूनं उभं करावं यावर बराच घोळ झाला. शेवटी तिनं दोन्हीकडे लावली. बिसनलाल मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. त्यानं टाकल्या की नाही ते माझ्या लक्षात नाही. त्याच्या हातात मात्र नंतरही तांदूळ होते.

जुलैत बही परत आली. आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, दर दोन पानांमध्ये पातळ कागद, सोबत हर्षाचं पत्र: ओल लागू देऊ नका, हात कोरडे ठेवा, आणि हिच्यात आता नवीन काही लिहू नका. अहवालात तिनं दोन्ही शक्यता लिहिल्या होत्या, गावाचं आणि कुळांचं नाव घातलं नव्हतं.

नवीन लिहायचं नाही म्हटल्यावर ओमेश्वर एक जाड कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर घेऊन आला. "काकाजी, आमचं नाव तर चढवा," तो म्हणाला, आणि बायकोला पुढे केलं. बिसनलालला नाही म्हणवेना. पण शेवटचं नाव चढवायचं तर पहिल्यापासून उतरून घ्यावं लागणार. त्यानं लिहिलं, संवत अठराशे ब्याण्णव, हिरामन. मग पेन तसंच धरून तो इतका वेळ बसला, की ओमेश्वरची बायको आत रामकलीला मदत करायला निघून गेली.

शेवटी त्यानं लिहिलं ते मी नंतर वाचलं. 'बहीत वर टेंभरे असे लिहिले आहे. खाली कटरे असे लिहिले होते. कोणते बरोबर ते मला माहीत नाही. बिसनलाल.' खाली तारीख. मग हिरामनच्या मुलापासून ओमेश्वरपर्यंत सगळी नावं एका दमात उतरवली, आणि त्यापुढे कूळ कुठेच लिहिलं नाही.

आता त्याच्याकडे विचारायला येणारे कमी झालेत. बरेच लोक म्हणतात, 'माहीत नाही' ऐकायला चक्कर कशाला मारायची? तरी मागच्या महिन्यात आमगावकडचा एक पटले मुलीच्या सोयरिकीसाठी आला. बिसनलालनं पेटी उघडली, पानं वाचून दाखवली, पण 'जमते' म्हणाला नाही की 'नाही जमत' म्हणाला नाही. पटले वैतागला. "मंग मी करू काय?"

"पोरीले विचारलं का?" बिसनलालनं विचारलं.

पटल्यानं विचारलं नव्हतं. तो चहा न घेताच उठला. गेला तो रागानं गेला की पोरीला विचारायला गेला, ते काही आम्हाला समजलं नाही.